रेडिओ व्यतिकरणमापकांतील उपकरणजन्य कलाविचलन आणि त्याचे निराकरण

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद येथे उभारलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, ही वस्तुतः एक दुर्बीण नसून तीस दुर्बिणींचा समूह आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या या तीस अँटेनांपैकी चौदा अँटेना सुमारे एक चौरस किलोमीटर परिसरात असून उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या भुजांवर विखुरलेल्या आहेत. परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. यांपैकी कोणतीही एक अँटेना आकाशाचे सूक्ष्म चित्र देऊ शकत नाही. चित्र तयार होते ते अँटेनांच्या जोड्यांमधून. तीस अँटेनांच्या 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडीतील अंतररेषेस आधाररेषा म्हणतात आणि दोन्ही टोकांकडून आलेले संकेत कोरिलेटर या यंत्रणेत परस्परांशी गुणून त्यांची सरासरी काढली जाते. या क्रियेतून प्रत्येक आधाररेषेसाठी प्रत्येक क्षणी दोन संख्या मिळतात, एक परमप्रसर आणि दुसरी कला.

चंद्राच्या कलांमुळे परिचित असलेला हा शब्द येथे तरंगाच्या आवर्तनातील स्थान दर्शवितो. एक पूर्ण आवर्तन म्हणजे 360 अंश. एकाच तरंगाचा माथा एका अँटेनावर आधी आणि दुसरीवर नंतर पोहोचला, तर त्या दोहोंतील फरक आवर्तनाच्या अंशांत मोजता येतो व तो स्रोताच्या दिशेवर अवलंबून असतो. म्हणून परमप्रसर 'किती' हे सांगतो, तर कला 'कोठे' हे सांगते. प्रतिमांच्या गणितात एक उद्बोधक प्रयोग करून दाखविला जातो. दोन छायाचित्रांची फूरिये रूपांतरे घेऊन पहिल्याचे परमप्रसर व दुसऱ्याच्या कला एकत्र केल्या आणि पुन्हा चित्र बनविले, तर ते दुसऱ्या छायाचित्रासारखे दिसते. आकृतीचा बहुतेक आशय कलेत साठविलेला असतो.

येथेच अडचण उद्भवते. कोरिलेटरपर्यंत पोहोचणारी कला ही केवळ आकाशाची नसते. तिच्यात अँटेना, वर्धक, स्थानिक आंदोलक, किलोमीटरभर लांबीच्या तारा किंवा प्रकाशतंतू या सर्वांनी आपापली भर घातलेली असते आणि ही भर स्थिर न राहता मिनिटामिनिटाला, तासातासाला सरकत असते. यालाच उपकरणजन्य कलाविचलन म्हणतात. ज्या राशीत मोजणीचा सर्व अर्थ सामावलेला आहे तीच राशी उपकरण स्वतः बदलत असेल, तर त्या उपकरणाने काढलेल्या चित्रावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा, हा प्रश्न या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

विचलनाचे परिमाण

हा दोष किती मोठा असू शकतो, हे एका साध्या हिशोबावरून ध्यानात येईल. काचेच्या प्रकाशतंतूतून 10 किलोमीटर अंतर जाण्यास प्रकाशाला सुमारे 49 मायक्रोसेकंद लागतात. तंतूचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले तर हा काळ दहा लाखांत साधारण सात ते आठ भागांनी वाढतो. गंमत अशी की यात काचेच्या प्रत्यक्ष लांबण्याचा वाटा अल्प असतो. दहा किलोमीटरची काच एका अंशाने जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबते. उरलेली सर्व वाढ काचेचा अपवर्तनांक तापमानाबरोबर बदलल्यामुळे होते. एकंदर विलंब सुमारे 0.37 नॅनोसेकंदाने वाढतो. ही संख्या क्षुल्लक वाटते. तथापि हायड्रोजनच्या 21 सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेषेसाठी, म्हणजे 1420 मेगाहर्ट्‌झ कंप्रतेस, एका आवर्तनाचा काळच मुळी 0.70 नॅनोसेकंद असतो. म्हणजे त्या कंप्रतेचा संकेत अशा तंतूतून थेट पाठविला, तर केवळ एका अंशाच्या तापमानबदलाने त्याची कला अर्ध्या आवर्तनाहून अधिक फिरते. जेथे माथा हवा तेथे दरी येते.

तंतू जमिनीखाली पुरण्याचे कारण यावरून स्पष्ट होते. दिवसरात्रीच्या तापमानातील चढउतार मातीत झपाट्याने विरतो व मीटरभर खोलीवर तो जवळजवळ नाहीसा होतो. ऋतूंनुसार होणारा बदल तेथेही पोहोचतो, पण तो इतका संथ असतो की काही तासांच्या निरीक्षणात त्याची फारशी बाधा होत नाही. शिवाय कोरिलेटरला दोन अँटेनांमधील फरकच दिसत असल्याने सर्व तंतूंत सारखाच बदल झाला तर तो आपोआप वजा होतो. तापदायक ठरतो तो असमान बदल. अँटेनाच्या मनोऱ्यावरून उन्हात चढलेला तंतूचा मोजका तुकडा अनेकदा जमिनीखालील कित्येक किलोमीटरपेक्षा अधिक उपद्रव करतो.

तंतूंखेरीज इतर कारणेही आहेत. अनेक प्रणालींत आलेल्या संकेताची कंप्रता स्थानिक आंदोलकाच्या साहाय्याने खाली आणली जाते. या क्रियेत आंदोलकाची कला जशीच्या तशी संकेतात उतरते. सर्व अँटेनांचे आंदोलक एका मध्यवर्ती संदर्भ-संकेताला बांधलेले असले, तरी तो संदर्भही तारेतून किंवा तंतूतूनच प्रवास करतो, आणि कमी कंप्रतेचा संदर्भ गुणून उच्च कंप्रता बनविली असेल तर त्यातील कलादोषही तितक्याच पटीने वाढतो. वर्धक व गाळण्या तापमानानुसार वागणूक बदलतात. वीजपुरवठा खंडित होऊन पूर्ववत झाला की कला सरकत नाही, एकदम उडी घेते. अशा उडीच्या आधीची व नंतरची निरीक्षणे एकाच मापाने दुरुस्त करू पाहणे हा नवशिक्या अभ्यासकांकडून हमखास होणारा प्रमाद होय.

एक कारण मात्र उपकरणाच्या सरकण्याचे केवळ सोंग घेते. पृथ्वीच्या परिवलनामुळे 25 किलोमीटरच्या आधाररेषेवर 21 सेंटिमीटर तरंगलांबीस कला सेकंदाला आठ-नऊ आवर्तनांपर्यंत वेगाने फिरू शकते. हे फिरणे भूमितीवरून आधीच काढून वजा केले जाते. अँटेनाचे स्थान केवळ एका सेंटिमीटरने चुकीचे धरलेले असेल, तर या वजाबाकीत 17 अंशांपर्यंत दोष उरतो आणि स्रोत आकाशात सरकेल तसा तोही हळूहळू बदलत जातो. तक्त्यावर पाहता हे हुबेहूब उपकरणजन्य विचलन वाटते. ओळखण्याची खूण एकच. खरे विचलन घड्याळाबरोबर चालते, स्थानदोष दिशेबरोबर चालतो. दुर्बीण एका स्रोताकडून दुसऱ्याकडे वळताच कलेने उडी घेतली, तर दोष इलेक्ट्रॉनिकीत न शोधता अँटेनाच्या निर्देशांकांत शोधावा लागतो.

या दोषांचा चित्रावर होणारा परिणाम दुहेरी असतो. 25 किलोमीटर आधाररेषेवर व 21 सेंटिमीटर तरंगलांबीस कलेचे एक आवर्तन म्हणजे आकाशातील सुमारे 1.7 विकला. कलेतील दोष अँटेनांच्या मांडणीनुसार क्रमाने वाढत गेला, तर संपूर्ण चित्र एका बाजूस सरकते. 36 अंशांचा दोष स्रोताला सुमारे 0.17 विकलेने हलवितो. दोष यादृच्छिक असेल तर स्रोत हलत नाही, विरघळतो. कलेची यादृच्छिक अस्थिरता 10 अंश असेल तर सरासरी परमप्रसर जेमतेम दीड टक्क्याने घटतो, 30 अंश असेल तर सुमारे 13 टक्क्यांनी, आणि एक रेडियन म्हणजे 57 अंश झाली की जवळजवळ 40 टक्के संकेत नाहीसा होतो. तो नाहीसा झालेला भाग चित्रातच इतस्ततः विखुरला जातो व त्यातून जे आकाशात नाही ते दिसू लागते.

मार्गाची मोजणी

पहिला उपाय अभियंत्याचा आहे. ज्या मार्गाने संदर्भ-संकेत अँटेनाकडे जातो त्याच मार्गाने त्याचा काही अंश परत आणावयाचा आणि गेलेल्या व परतलेल्या संकेतांच्या कलांची तुलना करावयाची. फेरीत जेवढा बदल आढळेल त्याच्या निम्मा बदल एकेरी मार्गात झाला असे मानून तो भरून काढता येतो. अमेरिकेतील व्हेरी लार्ज ॲरे आणि चिलीतील अल्मा या दुर्बिणींत अशा व्यवस्था आहेत. हजारो किलोमीटर दूर असलेल्या दुर्बिणी जोडताना अशी तार अस्तित्वातच नसते. तेथे प्रत्येक ठिकाणी हायड्रोजन मेसर घड्याळ ठेवावे लागते व ग्राहकाच्या तोंडाशी ज्ञात कलेचे सूक्ष्म संकेत सोडून आतल्या इलेक्ट्रॉनिकीवर नजर ठेवली जाते. हे उपाय मोलाचे असले तरी त्यांची मर्यादा उघड आहे. जो मार्ग मोजला तेवढ्याचाच दोष कळतो. अँटेनाच्या परावर्तक पृष्ठापासून पहिल्या वर्धकापर्यंतचा भाग, आणि त्याही वर असलेले वातावरण, या मोजणीच्या बाहेर राहते.

ज्ञात स्रोताची साक्ष

दुसरा उपाय आकाशालाच साक्षीदार करण्याचा आहे. बिंदुवत् दिसणारा व ज्याचे स्थान अचूक ठाऊक आहे असा तेजस्वी स्रोत निवडून दुर्बीण त्याच्यावर रोखली, तर भूमितीची वजाबाकी झाल्यावर प्रत्येक आधाररेषेवर कला शून्य यावयास हवी. ती शून्य येत नाही, आणि जे काही येते तो सर्व उपकरणाचा व वातावरणाचा दोष होय. अशा स्रोताला अंशांकन स्रोत म्हणतात.

या पद्धतीमागील मर्म असे, की दोष अँटेनाचा असतो, आधाररेषेचा नव्हे. अँटेना अ मध्ये जो काही कलादोष असेल तो अ ज्या ज्या जोडीत आहे त्या प्रत्येक जोडीत तसाच्या तसा उतरतो. म्हणून 435 मोजण्यांत अज्ञात संख्या केवळ 29 असतात. एका अँटेनाची कला शून्य धरून उरलेल्यांच्या कला तिच्या सापेक्ष काढल्या जातात. समीकरणे 435 आणि अज्ञाते 29, ही परिस्थिती कोणत्याही गणितज्ञाला सुखावणारी आहे. लघुतम वर्गांच्या पद्धतीने ही अज्ञाते नेमकेपणाने मिळतात, इतकेच नव्हे तर एखादी आधाररेषा इतरांशी विसंगत वागत असेल तर तीही उघडी पडते.

प्रत्यक्ष निरीक्षणात मुख्य स्रोताचे काही काळ निरीक्षण, मग काही मिनिटे जवळच्या अंशांकन स्रोताचे, पुन्हा मुख्य स्रोताचे, असा क्रम रात्रभर चालतो. दोन अंशांकनांच्या दरम्यानची कला मधल्या काळासाठी अंतर्वेशनाने काढतात. येथे एक सापळा आहे. कला हे वर्तुळावरील माप असल्याने 340 अंश पुढे सरकणे आणि 20 अंश मागे सरकणे ही दोन्ही मोजणीत सारखीच दिसतात. अंशांकनाच्या दोन फेऱ्यांत विचलन अर्ध्या आवर्तनापेक्षा कमीच राहील, अशा बेताने ही फेरी ठरवावी लागते. वारंवार अंशांकन केले तर मुख्य स्रोतासाठी वेळ उरत नाही, आणि क्वचित केले तर मधल्या काळातील कला निव्वळ अंदाजावर सोपवावी लागते. ही तडजोड प्रत्येक निरीक्षकाला कंप्रता, ऋतू व दुर्बीण पाहून स्वतः करावी लागते; पाठ्यपुस्तकातील ठरीव आकडा तेथे उपयोगी पडत नाही.

त्रिकोणाची युक्ती

तिसरा उपाय सर्वांत विस्मयकारक असून त्याचा उगम इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथील संशोधनात आहे. 1950 नंतरच्या काही वर्षांत रॉजर जेनिसन आणि भारतीय संशोधक मृणालकुमार दासगुप्ता हे तेथे हंस तारकासमूहातील सिग्नस ए या प्रबळ रेडिओ स्रोताचा अभ्यास करीत होते. हा स्रोत एकसंध नसून दोन विभक्त भागांचा आहे, हे त्यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केले. परंतु केवळ परमप्रसरांच्या मोजणीवरून स्रोताची रचना निःसंदिग्धपणे ठरत नव्हती. त्यासाठी कला हवी होती, आणि तत्कालीन उपकरणांत कला विश्वासार्हपणे मोजणे अशक्यप्राय होते. जेनिसन यांनी मार्ग काढला तो दोनऐवजी तीन अँटेना घेण्याचा. हे तंत्र 1958 मध्ये त्यांनी सविस्तर मांडले.

एका उदाहरणाने ते स्पष्ट होईल. अ, ब, क या तीन अँटेना आहेत. समजा आकाशातील स्रोतामुळे अब, बक व कअ या आधाररेषांवर येणाऱ्या खऱ्या कला अनुक्रमे 20, 35 आणि उणे 15 अंश आहेत. त्यांची बेरीज 40. आता अ अँटेनात 50 अंश, ब मध्ये उणे 30 व क मध्ये 10 अंशांचा दोष आहे असे मानू. प्रत्येक आधाररेषेवर पहिल्या अँटेनाचा दोष मिळविला जातो व दुसरीचा वजा होतो. त्यामुळे प्रत्यक्ष मोजलेल्या कला अनुक्रमे 100, उणे 5 आणि उणे 55 अंश येतात. एकही कला बरोबर नाही. तरीही त्यांची बेरीज पुन्हा 40 अंशच भरते. त्रिकोणाची फेरी पुरी करताना प्रत्येक अँटेना एकदा पहिली म्हणून व एकदा दुसरी म्हणून येते आणि तिचा दोष स्वतःलाच छेदून जातो. या बेरजेस इंग्रजीत क्लोजर फेज म्हणतात. मराठीत तिला संवृत कला म्हणणे सयुक्तिक ठरेल. उपकरण कितीही सरकले तरी ही राशी सरकत नाही.

अर्थात या युक्तीचे मोल चुकवावे लागते. तीन मोजण्यांतून एकच विश्वसनीय राशी हाती येते, म्हणजे दोनतृतीयांश माहितीवर पाणी सोडावे लागते. स्रोताचे निरपेक्ष स्थान तर पूर्णपणे हरवते, कारण स्रोत आकाशात थोडा सरकला तरी त्रिकोणाची बेरीज तीच राहते. मात्र अँटेनांची संख्या वाढू लागली की हा तोटा झपाट्याने आटतो. तीस अँटेनांच्या 435 कलांतून 406 स्वतंत्र संवृत कला मिळतात. केवळ 29 गमवाव्या लागतात, आणि त्या 29 म्हणजे वर उल्लेखिलेली अँटेनांची अज्ञातेच होत. जास्त अँटेना बांधण्याचा हा लाभ संवेदनशीलतेच्या चर्चेत अनेकदा झाकून जातो.

जेनिसन यांची कल्पना काही काळ मागे पडली. 1974 मध्ये अमेरिकेतील रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दूर अंतरावरील दुर्बिणींसाठी पुन्हा वापरात आणली. रेडहेड व विल्किन्सन यांनी 1978 मध्ये संवृत कलांवरून चित्र उभारण्याची पुनरावर्ती रीत मांडली आणि 1980-81 मध्ये श्वाब तसेच कॉर्नवेल व विल्किन्सन यांच्या कामातून तिला आजचे रूप आले. तिलाच स्व-अंशांकन म्हणतात. प्रथम एक कच्चे चित्र घ्यावयाचे, ते खरे मानून अँटेनांचे कलादोष काढावयाचे, ते दुरुस्त करून नवे चित्र बनवावयाचे, आणि चित्र बदलणे थांबेपर्यंत हे चक्र चालवावयाचे. अंशांकन स्रोताकडे वळण्याची गरज राहत नाही; मुख्य स्रोतच क्षणोक्षणी उपकरणाची परीक्षा घेत राहतो.

स्व-अंशांकनातील जोखीम

उत्तर गृहीत धरून उत्तर शोधण्याचा हा प्रकार तर्कशास्त्राच्या अभ्यासकाला चक्रक दोषासारखा वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती शंका सर्वस्वी निराधार नाही. अज्ञाते मोजण्यांपेक्षा पुष्कळच कमी असतात म्हणून चक्र योग्य उत्तराकडे सरकते. पण संकेत क्षीण असेल व कला फारच थोड्या कालावधींसाठी सुटी सुटी काढली जात असेल, तर हे संरक्षण दुबळे पडते. ज्या निरीक्षणात कोणताही स्रोत नाही, केवळ गोंगाट आहे, त्यावर 'मध्यभागी एक बिंदुस्रोत आहे' असे गृहीत धरून स्व-अंशांकन केले, तर मध्यभागी खरोखरच बिंदुस्रोत प्रकट होतो. गोंगाटाच्या कला गृहीत धरलेल्या चित्राशी जुळतील अशा फिरविल्या गेलेल्या असतात. म्हणून जाणकार प्रथम केवळ कला दुरुस्त करतात, परमप्रसराला शेवटी आणि जपून हात घालतात, आणि कला काढण्याचा कालावधी उपकरण सरकण्याच्या वेगाला साजेल इतकाच लहान ठेवतात.

ही जोखीम पुस्तकी नव्हे, हे कृष्णविवराच्या चित्रावरून झालेल्या वादाने दाखवून दिले. एप्रिल 2017 मध्ये इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने 1.3 मिलिमीटर तरंगलांबीस एम 87 दीर्घिकेच्या केंद्राचे निरीक्षण केले. एवढ्या लहान तरंगलांबीस कला काही सेकंदांतच अस्ताव्यस्त होते. त्यामुळे संवृत राशींवर मोठी भिस्त ठेवणे क्रमप्राप्त होते. चार गटांनी परस्परांना न सांगता चित्रे तयार केली, चौघांनाही कडे दिसले आणि 10 एप्रिल 2019 रोजी ते जगापुढे आले. 2022 मध्ये मियोशी व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी त्याच नोंदींचे स्वतंत्र विश्लेषण करून कडे हा पद्धतीचा परिणाम असल्याचे प्रतिपादन केले. मूळ गटाने ते अमान्य केले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 2018 च्या निरीक्षणांत ग्रीनलंडमधील आणखी एक दुर्बीण सामील होती आणि त्यांतही त्याच आकाराचे कडे आढळले. वादाचा कल त्यामुळे कड्याच्या बाजूने स्पष्टपणे झुकला. लक्षणीय गोष्ट ही, की तो झुकला जुन्याच नोंदींवरील युक्तिवादाने नव्हे, तर नव्या आधाररेषांनी.

जेथे एक संख्या पुरत नाही

आतापर्यंतचे विवेचन एका गृहीतकावर उभे आहे. एका क्षणी एका अँटेनाला एकच कलादोष असतो, असे ते गृहीतक. तंतू, वर्धक व आंदोलक यांच्याबाबत ते खरे आहे, कारण स्रोत कोणत्याही दिशेस असला तरी त्याचा संकेत त्याच तारेतून येतो. आयनांबराच्या बाबतीत ते ढासळते. कंप्रता जितकी कमी तितकी आयनांबराने घातलेली कला जास्त असते, आणि कमी कंप्रतेस अँटेनाचे दृष्टिक्षेत्रही इतके रुंद असते की त्यातील दोन स्रोतांचे किरण आयनांबराच्या निरनिराळ्या भागांतून येतात. मग एकाच अँटेनाला प्रत्येक दिशेसाठी वेगळी दुरुस्ती द्यावी लागते. जीएमआरटीच्या 150 मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात ही अडचण तीव्र आहे, कारण खोडदचे स्थान विषुववृत्तालगतच्या अशांत आयनांबराच्या पट्ट्यापासून दूर नाही.

या दुर्बिणीने 2010 ते 2012 या काळात 150 मेगाहर्ट्‌झला केलेल्या आकाश-सर्वेक्षणाच्या नोंदी इंटेमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिशेनुसार दुरुस्ती करणाऱ्या पद्धतीने पुन्हा तपासल्या आणि 2017 मध्ये सुमारे 6 लाख 20 हजार स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. निरीक्षणे जुनीच होती; बदलली होती ती केवळ कलेची दुरुस्ती. पश्चिम ऑस्ट्रेलियात उभारणी चालू असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरेच्या कमी कंप्रतेच्या दुर्बिणीत 512 अँटेना-केंद्रे योजिलेली आहेत. त्यांच्या 1 लाख 30 हजार 816 जोड्या होतील आणि उपकरणाची अज्ञाते केवळ 511 राहतील. आयनांबरासाठी मात्र ही 511 अज्ञाते प्रत्येक दिशेकरिता स्वतंत्रपणे, काही सेकंदांच्या अंतराने नव्याने सोडवावी लागतील.